फेनविक साहेबांची तसबीर

पेणकरने साहेबांच्या मानेमागे लोखंडी चिमटा बसवला आणि स्क्रू आवळत विचारलं, "टोचत नाही ना, साहेब?"

"टोचते," फेनविक साहेब म्हणाले, "परंतु चालेल."

"मी विसापर्यंत मोजीन. तेवढा वेळ हलायचं नाही. ऊन असतं तर आठांत काम झालं असतं, पण आज आभाळ भरलंय."

पुण्याच्या कॅम्पात एका दुमजली घराच्या माडीवर बेंजामिन पेणकरचा स्टुडिओ होता. साल अठराशे चौऱ्याहत्तर, श्रावण महिना. छपराचा अर्धा भाग काचेचा, खिडक्या बंद, आणि आतून काचेवर लावायच्या औषधाचा गुंगी आणणारा वास येत होता. साहेबांच्या मागे रंगवलेला पडदा होता. त्यावरचे डोंगर मऊ आणि गोल होते. साहेबांनी आणि मी मिळून मोजलेल्या सह्याद्रीत तसला एकही डोंगर नव्हता. खुर्चीशेजारच्या टेबलावर आमची कोन मोजायची, खाली आकड्यांची तबकडी असलेली पितळी दुर्बीण आणि नकाशाची सुरळी मांडली होती. साहेबांचा निळ्या काचांचा चष्मा पेणकरने काढायला लावला होता, काचा चमकतात म्हणून. तो माझ्या खिशात होता.

मी फोटोच्या पेटीमागे, पेणकरच्या उजव्या हाताला उभा होतो. आदल्या दिवशी स्टुडिओत येऊन मी ती जागा बघून ठेवली होती आणि साहेबांशी ठरवलं होतं. पेणकर 'इकडे बघा' म्हणाला की मी हलकेच खोकायचं आणि साहेबांनी त्या आवाजाकडे डोळे लावून बसायचं. कारण साहेबांना दिसत नव्हतं.

हे जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मी भिकाजी दिघे, महाडचा. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि जमीन मोजणीच्या खात्यात फेनविक साहेबांच्या हाताखाली कारकून होतो. आकडे लिहिणं, नकाशा काढणं हे माझं काम. साहेब स्कॉटलंडचे. परीक्षेसाठी एका शास्त्रीबुवांकडे मराठी शिकलेले, त्यामुळे पोथीतल्यासारखं शुद्ध बोलत आणि गड्यालासुद्धा 'तुम्ही' म्हणत. त्यांच्यासारखा दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. पण डोळा त्यांनी सूर्यालाही लावला. सूर्याचे वेध घेताना दुर्बिणीवर काळी काच लावतात. आदल्या वर्षी वैशाखात ती काच तडकली होती. मुंबईहून दुसरी यायला महिना लागला असता. साहेब म्हणाले, काम थांबवता येत नाही.

पंधरा दिवसांनी एका सकाळी डोंगरमाथ्यावर ते दुर्बिणीवरून उठले आणि म्हणाले, "दिघे, तबकडीवरचा आकडा वाचा पाहू."

मी वाचला.

"लिहा."

मी लिहिला. मला वाटलं, डोकं दुखत असेल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. मग दुर्बिणीतून समोरच्या डोंगरावरचं निशाण बघायलाही त्यांनी मलाच सांगितलं. ज्येष्ठ संपता संपता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं. ते तंबूत बसून असत. मी डोंगर चढून कोन घ्यायचो, खाली येऊन आकडे सांगायचो, आणि ते मनातल्या मनात हिशेब करून चूक असेल तर पकडायचे. मोजणीच्या वहीत मात्र अक्षर साहेबांचंच लागे. त्यांचं अक्षर डावीकडे कललेलं, सातच्या आकड्याला मधे रेघ. दोन रात्री बसून मी ते गिरवलं. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या सहीसकट पानं लिहू लागलो.

एकदा मी म्हणालो, "साहेब, कर्नलसाहेबांना कळवलेलं बरं."

साहेब म्हणाले, "हे उघडकीस आले तर मी मायदेशी परत जाईन. बहिणीच्या घरी राहीन. तुम्ही कोठे जाल, दिघे? त्या वहीत प्रत्येक पानावर तुम्ही माझी सही केली आहे."

त्यांनी धमकी दिली नाही, एवढं मला आजही सांगावंसं वाटतं. त्यांना खरोखरच माझी काळजी वाटत होती. पण त्या दिवसापासून मला तंबूचं कापड चारी बाजूंनी जवळ आल्यासारखं वाटू लागलं.

आश्विनात महाडहून वडिलांचं पत्र आलं. मला मुलगी झाली होती. बायको, यमुना, बाळंतपणात फार आजारी झाली होती, उठून बसत नव्हती. मी आठ दिवसांची रजा मागितली.

"आठ दिवस," साहेब म्हणाले. "त्या आठ दिवसांत जर कोणी आले तर?"

मी गेलो नाही. पौषात पुन्हा विचारलं, फाल्गुनात पुन्हा. दर वेळी ते एवढंच विचारत, आणि मी राहायचो. यमुना वाचली. मुलगी रांगू लागली, असं पत्रात आलं. महाड आमच्या छावणीपासून तीन दिवसांच्या वाटेवर होतं. एका डोंगरावरून महाडच्या सावित्रीचं पात्र दिसायचं. मी त्या नदीचाही कोन घेतला आणि खाली येऊन साहेबांना सांगितला.

शेवटी साहेबांनीच शब्द दिला. येत्या पावसाळ्यात सगळ्या तुकड्या पुण्याला परत येणार होत्या, नकाशे पुरे व्हायचे होते. तेव्हा ते तापाचं निमित्त सांगून राजीनामा देणार होते. डोळ्यांचा उल्लेख न करता बोटीवर चढणार, आणि मी सुटणार. त्या शब्दावर मी ज्येष्ठ, आषाढ काढले. पुण्यात ते बंगल्याबाहेर फारसे पडत नसत. पडले तर माझा आवाज त्यांच्या एक पाऊल पुढे असे. "पायरी आहे." "डावीकडे मेज." "कर्नलसाहेब हात पुढे करताहेत."

फोटोची कल्पना कर्नलची. खात्यातल्या सगळ्या अधिकाऱ्यांच्या तसबिरी विलायतेला पाठवायच्या होत्या. कर्नल प्रॉक्टर स्वतः साहेबांना घेऊन पेणकरकडे आले होते. उंच, लाल मानेचे, बोलायला मोकळे. चिमटा आवळून झाला तेव्हा ते खोलीत येरझारा घालत होते.

"आकडेवाल्या," ते माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "सातपुड्याची तयारी झाली का?"

मला कळलं नाही. मी म्हणालो, "सातपुडा, साहेब?"

"तीन वर्षांचं काम आहे. नवी मोजणी, सगळं रान. फेनविक त्याचा मुख्य. काल त्याच्या बंगल्यावर जाऊन मी त्याला विचारलं तर म्हणाला, दिघे असेल तर जातो. आणि दिघेला विचारलंय, तो तयार आहे." कर्नल हसले. "तुमच्यासारखी जोडी माझ्या खात्यात दुसरी नाही." मग त्यांनी चिरूट काढला. पेणकरने औषधाजवळ विस्तव चालणार नाही असं सांगितलं, तेव्हा ते बाहेर सज्जात गेले.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांची मान चिमट्यात होती. तोंड फिरवायची सोय नव्हती.

मी मराठीत, हळू आवाजात विचारलं, "साहेब, मला कधी विचारलंत?"

"दिघे, आता नको."

"राजीनाम्याचं ठरलं होतं."

"मी घरी जाऊन काय करू?" त्यांचे ओठ तेवढे हलत होते. "बहिणीच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहू? दिघे, मला दुसरे काही येत नाही. तीन वर्षे. नंतर खरोखर सोडीन."

"आणि मी?"

"तुमच्यावाचून मला जाता येत नाही, हे तुम्ही जाणता."

पेणकर आतल्या काळोख्या खोलीतून ओली काच घेऊन आला. ती पेटीत सरकवली. काच सुकायच्या आत फोटो घ्यावा लागतो, त्यामुळे तो घाईत होता. "साहेब, इकडे बघा," तो म्हणाला.

मी खोकलो.

साहेबांचे डोळे बरोबर माझ्याकडे आले. पेटीवर, पेणकरला हवे तिथे. निळसर, स्वच्छ डोळे होते. आतून विझले होते हे कुणाला कळलं नसतं.

पेणकरने पेटीवरचं झाकण काढलं आणि मोजायला लागला. एक. दोन. तीन.

मी काही ठरवलं नव्हतं. उकाड्याने सदरा पाठीला चिकटला होता. वर काचेवर पाण्याचे थेंब बसत होते. माझ्यासमोर एक माणूस लोखंडात मान अडकवून बसला होता आणि त्याचे डोळे माझ्यावर खिळले होते, आणि ते तीन वर्षं असेच राहणार होते. सहा. सात.

मी दाराकडे चालायला लागलो.

तीन पावलं टाकली. माडीची जमीन लाकडी होती आणि माझ्या पायांत वहाणा होत्या. पेणकरने माझ्याकडे डोळे वटारले, पण मोजणं थांबवता येत नव्हतं. साहेबांची मान जागची हलली नाही. फक्त डोळे माझ्या पावलांमागे सरकत गेले, दारापर्यंत. तिथे मी थांबलो. तेही थांबले.

वीस झाले. पेणकरने झाकण लावलं, काच काढली आणि काळोख्या खोलीत गेला.

"दिघे?" साहेब म्हणाले.

"मी इथेच आहे."

"तुम्ही चाललात."

चिमटा तसाच होता. पुन्हा फोटो घ्यावा लागला तर म्हणून पेणकर तो इतक्यात काढत नसे.

थोड्या वेळाने त्याने पडद्याआडून मला खूण केली. आत गेलो. त्याने काच काळ्या कापडावर धरली होती. तशी धरली की माणूस ओळखू येतो. कोटाचं प्रत्येक बटण आलं होतं. दुर्बिणीच्या तबकडीवरच्या रेघा मोजता आल्या असत्या. मिशीचे केस वेगवेगळे दिसत होते. आणि डोळ्यांच्या जागी दोन फिकट फराटे होते, एका बाजूला ओढलेले.

"नजर पावलांच्या आवाजामागे गेली. त्यांना दिसत नाही," पेणकर म्हणाला. तो विचारत नव्हता.

"नाही."

तो आमच्याच बाजूचा, अलिबागेकडचा बेने इस्रायली यहुदी, आमच्याचसारखं कोकणातलं बोलणारा. दोन दिवसांच्या ओळखीत मला घरचा वाटू लागला होता. त्याने आवाज आणखी खाली आणला. "दिघेराव, घाबरू नका. दुसरी काच तयार करायला मला पाच मिनिटं लागतात. ही मी पुसून टाकतो. कर्नल बाहेरच आहे. तुम्ही फक्त मघाच्या जागी उभे राहा आणि हलू नका. कुणाला काही कळायचं नाही."

तो भल्यासाठीच सांगत होता. मी हलू नये, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. गेले चौदा महिने साहेबांनाही तेवढंच हवं होतं.

वहीतली ती सगळी पानं माझ्या डोळ्यांपुढे आली. डावीकडे कललेलं अक्षर, सातावरची रेघ, सही. खोट्या सहीला काय शिक्षा होते ते मला ठाऊक होतं.

"पुसू नका," मी म्हणालो. "कर्नलसाहेबांना दाखवा."

पेणकरने माझ्याकडे नीट पाहिलं. "विचार केलात?"

"नाही. तुम्ही दाखवा."

कर्नल आत आले, काच बघून वैतागले. "डोळे हलवले याने. सोळा वर्षांचा पोर आहेस का, फेनविक? मान ठेवलीस आणि डोळे दाराकडे." मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "दारात काय होतं?"

पेणकर जमिनीकडे बघत होता.

"मी होतो," मी म्हणालो. "मी चालत होतो, साहेब."

"मग?"

त्यांनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा माझ्या वहाणांकडे. मग त्यांचा चेहरा बदलला. ते चवड्यांवर, आवाज न करता साहेबांच्या खुर्चीसमोर गेले आणि हातभर अंतरावर उभे राहिले. साहेब त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"कोण आहे?" साहेबांनी विचारलं. तंबाखूचा वास त्यांना आला असावा. "कर्नल?"

"मीच. किती बोटं आहेत, फेनविक?"

कर्नलनी हात त्यांच्या तोंडासमोर धरला होता. साहेबांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला. मान वळवता येत नव्हती, उठता येत नव्हतं. आणि मग, इंग्रजीत नाही, मराठीत, छावणीत रोज विचारायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "दिघे, किती?"

माझ्या तोंडून उत्तर गेलं. "तीन."

"तीन," साहेबांनी कर्नलना इंग्रजीत सांगितलं.

कर्नलनी हात हळूहळू खाली घेतला. त्यांना मराठीतले आकडे येत होते. ते खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. कितीतरी वेळाने पेणकर पुढे झाला आणि त्याने चिमट्याचा स्क्रू सैल केला.

चौकशी चार दिवस चालली. पहिल्याच दिवशी कर्नलनी वही उघडून साहेबांपुढे ठेवली, मग ती त्यांना दिसत नाही हे आठवून मिटली. "हे अक्षर कुणाचं?"

मी भिंतीशी उभा होतो.

"अक्षर माझे आहे," साहेब म्हणाले. "हात दिघे यांचा. सही करण्याचा हुकूम माझा. त्यांनी दोनदा नकार दिला, मी दोनदा सक्ती केली."

मी एकदाही नकार दिला नव्हता.

कर्नलनी दुसरा अधिकारी पाठवून तीन डोंगरांची मोजणी नव्याने करवली. एकाही आकड्यात फरक निघाला नाही. त्यामुळे आमचे नकाशे तसेच छापले गेले, साहेबांच्या नावाने. मला कामावरून काढलं, शिफारसपत्र दिलं नाही. तुरुंग टळला. पुढे मी महाडच्या शाळेत गणित शिकवून जन्म काढला.

पेणकरने त्या काचेची एकच प्रत काढली आणि निघताना माझ्या हातात दिली. या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. ती तसबीर कुणाला दाखवली की विचारतात, या साहेबाला डोळे का नाहीत? मी सांगतो, त्या दिवशी उजेड कमी होता.

निघण्याआधी साहेबांचा निरोप घ्यायला बंगल्यावर गेलो. ते व्हरांड्यात बसले होते. ट्रंका बांधून झाल्या होत्या. मी चष्मा परत दिला. त्यांनी तो हातात फिरवला, घातला नाही.

"दिघे, एक विचारतो. त्या दिवशी तुम्ही हेतुपुरस्सर चाललात का?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सहा वर्षं त्या माणसाने मला शिकवलं होतं. दुर्बीण कशी हाताळायची, चूक कशी शोधायची, आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "पायाला मुंग्या आल्या होत्या."

"लाकडी जमिनीवर तीन पावले," ते म्हणाले. "सारख्या अंतराची. मुंग्या आलेला मनुष्य तसा चालत नाही." मग त्यांनी हात पुढे केला. तो माझ्यापासून वीतभर चुकला होता. मी सरकून तो हातात घेतला. "तुम्हाला विचारले आहे, असे मी कर्नलना सांगितले. ते असत्य होते. मला ते तुम्हाला सांगायचे होते."

एवढंच आमचं बोलणं झालं. त्यानंतर त्यांची पत्रं आली नाहीत. कोण लिहिणार होतं?

पुणं सोडून, वरंधा घाट उतरून, चौथ्या दिवशी दुपारी महाडला पोचलो. यमुना दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. फार वाळली होती. मुलगी ओटीवर होती. मला बघून ती थबकली आणि रांगत आईच्या लुगड्यामागे गेली.

"हाक मारा ना," यमुना म्हणाली. "सखू म्हणा, येईल."

मी गाठोडं खाली ठेवलं आणि अंगणात बसलो. हाक मारली नाही. कुणी माझ्या आवाजामागे यावं असं मला वाटत नव्हतं. यमुना दोनदा म्हणाली, मग आत चुलीशी गेली. मी तिथेच, एका जागी, न बोलता बसून राहिलो. उन्हं कलली तेव्हा सखू ओटीच्या कडेला आली, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग उलटी होऊन, पाय खाली सोडून, आपली आपण पायरी उतरू लागली.